सातपुड्याची वाट आणि सायकलचे चाक

(बी. ए., द्वितीय वर्ष)

चांदूर बाजारच्या शिवारात कोठेही उभे राहून उत्तरेकडे पाहिले म्हणजे सातपुड्याची रांग दिसते. आपण तिच्याकडे पाहतो ते पावसाचा अंदाज घेण्यासाठी, नाहीतर डिसेंबरात बहिरमची यात्रा भरली म्हणजे तिकडे जाताना. त्या डोंगराच्या अंगावर किती वाटा आहेत, त्या कोणी पाडल्या आणि कशा टिकल्या, याचा विचार सहसा कोणी करत नाही. मीही केला नसता. पण गेल्या वर्ष-दोन वर्षांत सुट्टीच्या दिवशी जाड टायरांच्या सायकली घेऊन, डोक्याला टोप घातलेले तरुण डोंगराच्या दिशेने जाताना दिसू लागले. आपल्या वर्गातही कोणी अशी सायकल घेतली की चार मित्र भोवती जमतात आणि ‘हिच्यावर डोंगर चढता येतो म्हणे’ अशी चर्चा होते. त्यातूनच या विषयाचा नाद लागला. डोंगरी सायकल म्हणजे काय, तिला कशी वाट लागते आणि तशी वाट आपल्या भागात कोठे असावी व कोठे नसावी, एवढ्यापुरताच प्रस्तुत लेख आहे.

वाचकांना हा विषय श्रीमंतांच्या हौसेचा वाटण्याचा संभव आहे. मलाही आधी तसेच वाटले. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. माझे वडील गावाची गुरे राखतात. आमच्याकडे त्याला ढोरकी म्हणतात. ज्या वाटांवर इतरांना सायकल चालवण्याची मौज वाटते त्याच वाटांवर आमच्या घराची चूल अवलंबून आहे. म्हणून वाट कोणाची आणि ती बिघडली तर कोणाचे नुकसान, हा प्रश्न माझ्यापुरता तरी हौसेचा नाही.

प्रथम या खेळाचा थोडा इतिहास पाहू. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील मरीन या डोंगराळ भागात १९७० च्या दशकात काही तरुण जुन्या, जड, जाड टायरांच्या सायकली विकत घेऊन त्या डोंगरावरून खाली पळवू लागले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी एका उतारावर पहिली शर्यत लावली. सुमारे दोन मैलांत १३०० फूट खाली आणणारा तो कच्चा रस्ता होता. त्या सायकलींना मागच्या तुंब्यातला ब्रेक असे. तो इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे, आणि शर्यत झाली की तुंबा उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. ‘पुन्हा भरणे’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरूनच त्या शर्यतीचे नाव ‘रिपॅक’ पडले. १९७७ मध्ये जो ब्रीझ याने खास डोंगरासाठी म्हणून सायकलचा सांगाडा तयार केला. पुढे १९७९ मध्ये गॅरी फिशर व चार्ली केली यांनी अशा सायकली विकण्याचा धंदा सुरू केला. त्यांचे सांगाडे टॉम रिची बनवत असे. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले. आपल्या देशात हिमाचल प्रदेशात २००५ पासून ‘एमटीबी हिमालय’ ही शर्यत होऊ लागली. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी भंगारातल्या सायकलींवर सुरू झालेला हा खेळ आहे, हे ध्यानात घ्यावे.

आता यंत्राकडे वळू. आपली नेहमीची काळी सायकल आणि डोंगरी सायकल यांतला खरा फरक रंगारूपात नसून दातांच्या हिशेबात आहे. काळ्या सायकलच्या पुढच्या चक्राला साधारण ४४ दात आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दात असतात. पायडलचा एक फेरा मारला की मागचे चाक जवळजवळ अडीच फेरे फिरते आणि सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. सपाट रस्त्यावर हे फार चांगले. चढावर मात्र एवढे अंतर एका फेऱ्यात ओढायला पायात बळ उरत नाही आणि माणूस खाली उतरून सायकल ढकलू लागतो. डोंगरी सायकलला पुढे २२ दातांचे लहान चक्र आणि मागे ३४ दातांचे मोठे चक्र जोडता येते. मग एका फेऱ्यात सायकल दीड मीटरसुद्धा जात नाही, पण जोर चौथा हिस्साच लागतो. विहिरीवरच्या मोटेपेक्षा हाताने लहान बादली ओढणे जसे, तसे हे आहे. फेरे वाढतात, पण दम टिकतो.

दुसरा फरक टायरचा. आपण सायकलवाल्याकडे जाऊन ‘हवा कडक भर’ असे सांगतो. डोंगरात याच्या उलट करावे लागते. टायर रुंद असते, त्याला गाठी असतात आणि हवा मुद्दाम कमी ठेवतात. त्यामुळे टायर दगडावर किंचित बसते, जास्त जागा धरते आणि घसरत नाही. पुढच्या दांड्यात स्प्रिंग किंवा हवेचे धक्के झेलणारे नळकांडे असते, आणि ब्रेक चाकाच्या कडेला न लागता मध्यभागी बसवलेल्या पोलादी चकतीला लागतो, म्हणून चिखलातही तो पकडतो. यंत्राची गोष्ट एवढीच. खरी गोष्ट वाटेची आहे.

‘चाकोरी’ हा शब्द आपण ‘चाकोरीबद्ध जीवन’ असा निबंधात वापरतो. त्याचा मूळ अर्थ गाडीच्या चाकाने जमिनीत पडलेली खोल रेघ. पावसाळ्याआधी पांदणीने गाडी गेली की दोन चाकोऱ्या पडतात, आणि पहिल्या मोठ्या पावसात त्यांतून दोन नाले वाहतात, हे खेड्यातल्या प्रत्येकाने पाहिले आहे. डोंगरी सायकलच्या वाटेचे सारे शास्त्र या एका गोष्टीत सामावले आहे. वाटेचा शत्रू चाक फारसे नसते. चाकाने केलेल्या रेघेत शिरणारे पाणी हा तिचा शत्रू असतो.

भूगोलाच्या तासाला आपण शिकलो की वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते ६४ पट वजनाचा दगड लोटू शकते. उतार जितका तीव्र तितका वेग अधिक. म्हणून डोंगरावरून नाकासमोर सरळ खाली उतरणारी वाट सर्वांत वाईट. पाणीही त्याच दिशेने जात असते. त्याला आयता पाट मिळतो. समजा, अशा अर्ध्या किलोमीटरच्या वाटेवर २० सेंटीमीटर रुंद आणि १५ सेंटीमीटर खोल एकच चाकोरी पडली. तेवढ्यातून १५ घनमीटर, म्हणजे पाच ब्रासांहून अधिक माती-मुरूम निघून जातो. तो जातो कोठे? खालच्या नाल्यात, बंधाऱ्यात आणि संत्र्याच्या बागांत. पायथ्याच्या ज्या गोटाड पट्ट्यात पाणी मुरून आपल्या विहिरींना मिळायचे, तेथे ते मुरण्याआधीच धावत निघून जाते. आपल्या तालुक्यात विहिरी आणि बोअर किती खोल गेल्या हे संत्रावाल्यांना विचारावे. डोंगरावरची एक बिघडलेली वाट त्याला एकटी कारण नाही; पण अशा दहा वाटा झाल्या तर त्या भर घालणाऱ्याच ठरतील.

तर मग वाट कशी असावी? डोंगरी सायकलस्वारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने यासाठी काही नियम प्रचारात आणले आहेत. या संघटनेचा जन्मही भांडणातून झाला. मरीन भागात आणि इतरत्र पायी फिरणाऱ्यांनी व घोडेस्वारांनी तक्रारी केल्यामुळे अनेक वाटा सायकलींना बंद झाल्या. तेव्हा १९८८ मध्ये तेथल्या सायकल मंडळांनी एकत्र येऊन ही संघटना काढली आणि वाट न बिघडवता कशी बांधावी याचा अभ्यास केला. त्यांतले चार नियम येथे सांगतो.

पहिला, निम्म्याचा नियम. डोंगराच्या अंगाला जेवढा उतार असेल त्याच्या निम्म्याहून अधिक उतार वाटेला नसावा. अंग शंभराला तीस असेल तर वाट शंभराला पंधरापेक्षा जास्त नको. असे केले म्हणजे वाट डोंगराला आडवी जाते आणि वरून आलेले पाणी वाट ओलांडून खाली जाते, वाटेने धावत नाही.

दुसरा, दहाचा नियम. वाटेचा सरासरी उतार शंभराला दहाच्या आत ठेवावा. म्हणजे १०० मीटर उंची चढायची असेल तर वाट किमान एक किलोमीटर लांब हवी. या हिशेबाने पाहिले तर अचलपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३७० मीटरवर आणि चिखलदरा सुमारे १११८ मीटरवर आहे. साडेसातशे मीटर चढायला निदान साडेसात किलोमीटर निव्वळ चढाची वाट लागेल, त्याहून आखूड वाट पाण्याच्या तोंडी जाईल.

तिसरा, बाहेरच्या कडेचा नियम. वाटेची दरीकडची कड डोंगराकडच्या कडेपेक्षा किंचित खाली ठेवावी. एक मीटर रुंदीला पाच सेंटीमीटर, म्हणजे तीनेक बोटे पुरतात. त्यामुळे पाणी वाटेवर थांबत नाही.

चौथा, उलट्या चढाचा नियम. उतरती वाट ठरावीक अंतराने थोडीशी वर चढवून पुन्हा उतरवावी. त्या खोलगट जागी पाण्याला वाट सोडून बाहेर पडावेच लागते. शेताच्या बांधाला आपण सांड ठेवतो, तोच हा प्रकार.

हे नियम वाचून मी घरी वडिलांना सांगितले. ते शाळेत दुसरीपर्यंत गेलेले. त्यांना त्यात नवल वाटले नाही. ते म्हणाले, “ढोर कधी नीट्ट उतरत नाई. आडवं घेते, मंग उतरते. त्याले पायाची काळजी रायते.” पुढे त्यांनी सांगितले की गुरांची जुनी वाट पाहिली तर ती नाल्याला जेथे खडक असेल तेथेच ओलांडते, मातीच्या काठावर नाही, कारण तेथे काठ ढासळतो. अमेरिकेतल्या तज्ज्ञांना जे मोजून काढावे लागले ते आपल्या डोंगरात गुरांनी आणि त्यांच्या मागे चालणाऱ्या माणसांनी पावलांनी लिहून ठेवले आहे. कोरकू गावांना जोडणाऱ्या पायवाटाही याच पद्धतीने डोंगराला वळसे घेत जातात.

जड वस्तू डोंगरावर सरळ चढत नाही, याचा आपल्या भागातला सर्वांत मोठा दाखला इतिहासात आहे. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रजांनी नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यातील गाविलगडाला वेढा दिला. गडाची दक्षिण बाजू उभी. म्हणून उत्तरेकडून हल्ला करण्याचे ठरले आणि कर्नल स्टीव्हन्सन याची फौज एलिचपुराकडून डोंगरात सुमारे ३० मैलांचा फेरा घेऊन निघाली. रस्ता नव्हताच. शिपायांनी आधी वाट तयार करायची आणि मग तिच्यावरून जड तोफा हाताने ओढायच्या, असे ७ डिसेंबरपासून १२ डिसेंबरपर्यंत चालले. १५ डिसेंबरला गड पडला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. इतिहासाच्या पेपरात आपण तह पाठ करतो. ज्या वाटेमुळे तो तह झाला ती वाट मात्र पुस्तकात एका ओळीत संपते. पुढे १८२३ मध्ये कॅप्टन रॉबिन्सन चिखलदऱ्याला पोहोचला आणि तेथे थंड हवेचे ठिकाण वसले. आज आपण एस.टी.ने घाट चढतो तेव्हा वळणांचा कंटाळा करतो. पण ती वळणे म्हणजेच वर सांगितलेला दहाचा नियम होय.

आता प्रश्न येतो तो जागेचा. आमच्या मित्रांपैकी काहींना वाटते की सायकल घ्यावी आणि सरळ मेळघाटात शिरावे. हे होणार नाही, आणि होऊही नये. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक असून तो १९७४ मध्ये जाहीर झाला. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे अभयारण्यात व राष्ट्रीय उद्यानात परवानगीवाचून प्रवेश करता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी कारण साधे आहे. सायकल ही वेगवान आणि बिनआवाजी असते. पायी चालणाऱ्या माणसाची चाहूल जनावराला दुरून लागते आणि ते बाजूला होते. मोटारीचा आवाज तर मैलभर जातो. सायकल मात्र वळणावर अचानक अस्वलासमोर येऊन उभी राहते. मोहाच्या दिवसांत पहाटे अस्वल झाडाखाली असते आणि दचकलेले अस्वल पळत नाही, अंगावर येते. गुरांच्या गळ्यात घंटा बांधतात ती हरवलेले ढोर सापडावे म्हणून हे खरे. पण रानाला आपण येत असल्याचे सांगण्याचे कामही ती करते.

याहूनही एक कारण मला मोठे वाटते. बोरी, कोहा आणि कुंड ही मेळघाटातली गावे या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत वाघासाठी उठली आणि खाली येऊन वसली. पुढे आणखीही गावे उठली. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी त्या वाटा पाडल्या त्यांनाच तेथून निघावे लागले. त्याच वाटांवर आम्हा शिकलेल्या मुलांना मौजेसाठी सायकल फिरवू द्या, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

मग सायकलला जागा नाहीच काय? आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेर पायथ्याला टेकड्या आहेत, झुडपी रान आहे, माळ आहेत. आपल्याच तालुक्यात बहिरम, घाटलाडकी या बाजूला डोंगर अगदी गावाला येऊन टेकतो. पण तेथेही रान रिकामे नसते. तेथे गुरे चरतात, बाया मोळी आणतात, उन्हाळ्यात तेंदूपाने तोडली जातात. म्हणून वाट कोठे व्हावी हे सायकलवाल्याने एकट्याने ठरवता कामा नये. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला सामूहिक वनहक्क मागता येतो आणि तो मिळाल्यावर त्या रानाचे रक्षण व व्यवस्था ग्रामसभा करू शकते. याचे उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या पायविहीर या गावाला २०१२ मध्ये असा हक्क मिळाला. उजाड झालेल्या रानात लोकांनी झाडे लावली, राखली, आणि तेथली सीताफळे शहरात नेऊन विकली. २०१४ मध्ये या कामाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार मिळाला. जे गाव सीताफळाचा हिशेब ठेवू शकते ते वाटेचाही ठेवू शकते. कोणत्या महिन्यात वाट उघडी, कोणत्या महिन्यात बंद, सायकलवाल्याने किती पैसे द्यायचे, वाट दुरुस्त कोण करणार, हे ग्रामसभेत ठरावे. गावातल्या दोन-चार पोरांना वाटाड्याचे व सायकल दुरुस्तीचे काम मिळाले तरी ते हवेच आहे.

मात्र एका गोष्टीला माझा स्पष्ट विरोध राहील. ‘ही वाट फक्त सायकलींसाठी’ अशी पाटी लागली तर त्या दिवशी माझ्या वडिलांनी गुरे कोठून न्यायची? बाहेरच्या देशांत संघटनेने सायकलस्वारांसाठी वागण्याचेही नियम घातले आहेत. पायी माणसाला आणि घोड्याला आधी जाऊ द्यावे, जनावरांना भिववू नये, बंद वाटेवर जाऊ नये, ओल्या मातीवर चाकोरी पाडू नये. आपल्याकडे घोड्याच्या जागी बैल व गाय म्हणावे, बाकी सारे तसेच लागू आहे. चढत्या गुरांसमोर सायकल थांबवून बाजूला उभे राहणे, पाऊस पडत असता आणि पडून गेल्यावर जमीन वाळेपर्यंत डोंगरात सायकल न नेणे, घंटी वाजवत जाणे, एवढे पाळले तरी पुष्कळ झाले.

शेवटी एक सूचना करावीशी वाटते. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर या भागात झाले तर आपण पायथ्याच्या जुन्या वाटांचा नकाशा काढावा. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी, दोन काठ्या आणि टेप एवढ्यावर दोन टोकांतला उंचीचा फरक मोजता येतो. त्याला अंतराने भागले की उतार निघतो. कोणती वाट निम्म्याच्या नियमात बसते, कोणती पाण्याने कापली आहे आणि कोणती कोण वापरतो, हे लिहून ठेवावे. भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी मोजावे, समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी विचारावे, आणि पुढे चालायला एखाद्या ढोरक्याला बोलवावे, कारण त्याच्याशिवाय त्या वाटा सापडायच्याच नाहीत. उद्या कोणी संस्था किंवा कंत्राटदार डोंगरात सायकलची वाट काढायला आला तर आपल्या हाती हा कागद असेल आणि तीन प्रश्न विचारता येतील: पाणी कोठून जाणार? गुरे कोठून जाणार? आणि ग्रामसभेला विचारले काय? या तिन्ही प्रश्नांची नीट उत्तरे मिळाली तर त्या वाटेवर सायकल चालवायला मी पहिला येईन.